गंगाखेडची वाकळ

परभणी जिल्ह्यांतल्या माणसाची व समुद्राची ओळख बहुधा भूगोलाच्या पुस्तकांतच होते. आमच्याकडे पाणी म्हणजे गोदावरी. आणि तिलाही आम्ही गोदावरी म्हणत नाहीं, गंगा म्हणतों. आमच्या गांवाच्या नांवांतही तीच आहे. गंगाखेडच्या घाटाला लोक दक्षिणकाशी मानतात, आणि संत जनाबाईचें जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांचे पाय इकडे वळतात. ही आमची गंगा त्र्यंबकेश्वरीं उगम पावते, सुमारें १,४६५ किलोमीटर चालते आणि आंध्रांत पूर्वसमुद्रास मिळते. आमच्या घाटावर सोडलेला दिवा कधींकाळीं समुद्रापर्यंत पोंचलाच, तर तो बंगालच्या उपसागरास पोंचावयाचा. मुंबईचा समुद्र त्याच्या वाटेंत नाहीं.

२०२४ च्या जानेवारींत माझ्या पुतण्यानें मुंबईहून गोव्यास जाऊन परत येणाऱ्या एका प्रवासी बोटीचीं चार तिकिटें काढलीं: मी, सौ., तो स्वतः आणि आमची आत्या. आत्याचें वय अठ्ठ्याहत्तर. तिनें समुद्र पाहिलेला नव्हता. एवढ्या वयांत ही दगदग तिला झेपेल काय, असा प्रश्न माजघरांत निघाला, तेव्हां तिनें तो एका वाक्यांत मिटविला. ती म्हणाली, "मेल्यावर गंगेंतून जायचंच आहे, पण ती दुसऱ्या समुद्राला नेणार. हा तेवढा जिवंतपणीं पाहून घेऊं."

सामान मोजण्याची आमच्या घराची परंपरा जुनी आहे. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा आमचा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीं निजामाच्या राज्यांतून निघाला, तो मीटर मापाचा. मुंबईची गाडी रुंद मापाची. त्यामुळें त्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आमचा मार्ग रुंद होईपर्यंत मुंबईस जाणाऱ्या प्रत्येक परभणीकरास मनमाडास उतरून, ट्रंका, वळकट्या, फिरकीचे तांबे आणि पोरेंबाळें यांसह दुसऱ्या गाडींत शिरावें लागे. त्या फलाटावर माझे वडील एका हातानें धोतराचा सोगा सांवरीत व दुसऱ्या हाताचें बोट नाचवीत मोठ्यानें नग मोजीत असत. संख्या जुळली कीं ते निश्चिंत होत. तीच रीत मीं पुढें चालविली, आणि तिनेंच मला फसविलें.

आम्ही सात नग घेऊन निघालों. चाकांच्या तीन पेट्या, माझी खांद्याची झोळी, सौ.ची हातांतली पिशवी, पुतण्याची पाठपिशवी आणि आत्याची निळी कापडी पिशवी. या निळ्या पिशवींत आत्याचीं दोन लुगडीं, रक्तदाबाच्या गोळ्या, जपाची माळ आणि वाकळ होती. वाकळ माझ्या आजीच्या दोन जुन्या लुगड्यांची, वाड्याच्या ओसरीवर बसून आत्यानें स्वतः धांवदोरा घालून शिवलेली. आईच्या मागें गेलीं चाळीस वर्षें ती त्या वाकळेखेरीज निजलेली नाहीं. गंगाखेडहून परभणीस येतांना पोखर्णीच्या नृसिंहास खिडकींतून हात जोडले, परभणीस रात्रींची देवगिरी एक्सप्रेस धरली, आणि सकाळीं दादरास माझ्या धाकट्या बहिणीच्या घरीं पोंचलों. नग सात.

दुपारीं जेवण उरकून निघालों. टॅक्सींत सामान चढवितांना पुन्हां मोजलें. सात. बॅलार्ड पिअरला उतरल्यावर पुन्हां मोजलें. सात. एकेकाळीं विलायतेस जाणाऱ्या मंडळींनीं याच धक्क्यावरून मायदेशाचा निरोप घेतला, हें मी आत्यास सांगत होतों. पण तिचें लक्ष सारें समोरच्या पाण्याकडे होतें.

बोटीवरील सामानाची व्यवस्था आगगाडीहून निराळी असते. मोठे नग धक्क्यावरच सोंपवावयाचे. त्यांवर खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधतात, यंत्रांतून तपासतात, आणि संध्याकाळपर्यंत ते आपल्या खोलीच्या दाराशीं येऊन पडतात. हातगाडीवाल्या हमालाकडे मीं चार नग सोंपविले. तो पन्नाशीचा, किरकोळ बांध्याचा, कपाळावर जुना व्रण असलेला गृहस्थ होता. ठरल्याहून थोडी अधिक मजुरी त्यानें मागितली, आणि मीं ती दिली नाहीं.

संध्याकाळीं आमच्या दाराशीं तीन पेट्या आल्या. निळी पिशवी आली नाहीं.

येथें माझी अप्रतिष्ठा होणार असली तरी जें घडलें तें लिहितों. मी तडक बोटीच्या चौकशीच्या मेजापाशीं गेलों. चार नग दिले व तीन मिळाले, एवढें सांगून मला थांबतां आलें असतें. परंतु तेथील तरुणानें "कोणाचा संशय?" असें विचारलेंही नव्हतें, तोंच मीं त्या हमालाचें वर्णन दिलें: व्रण कोठें, अंगरखा कोणता, आणि मजुरी वाढवून मागत होता हेंही. मागणारा माणूस घेणाराही असणार, असा माझा तर्क. तरुणानें तें लिहून घेतलें व किनाऱ्यावर कळविलें. थोड्याच वेळांत बोट हालली. मुंबईचे दिवे लांब गेले, आणि त्यांबरोबर फोनचा संपर्कही.

आतां प्रश्न आत्याच्या रात्रीचा. गोळ्यांची चिंता पुतण्यानें सोडविली. तिच्या औषधाच्या चिठ्ठीचें छायाचित्र त्याच्या फोनमध्यें होतें. बोटीवरच्या डॉक्टरांनीं तें पाहून, रक्तदाब मोजून, चार दिवसांच्या गोळ्या दिल्या. लुगड्याचा प्रश्न याहून अवघड. सौ.चीं पातळें सहावारी. तीं आत्यास नेसतां येईनात. हा गोंधळ शेजारच्या खोलींतील माटुंग्याच्या एका तमिळ वृद्धेनें पाहिला. तिला मराठी बेताचें, आत्याला तमिळ मुळींच नाहीं. ती उठून आपल्या खोलींत गेली आणि एक धुतलेलें नऊवारी घेऊन आली. तमिळ ब्राह्मण घरांतील जुन्या बायका धार्मिक प्रसंगीं नऊवारच नेसतात. नेसण्याची तऱ्हा मात्र निराळी. दोघींनीं एकमेकींना आपापला काष्टा दाखविला, आणि त्या दिवशीं प्रथमच आमच्या खोलींत हंसूं ऐकूं आलें.

राहिली वाकळ. बोटीवरचें पांढरेंशुभ्र पांघरूण आत्यानें पायांशीं सारलें व बहिणीनें दिलेली नवी लोकरी शाल उशाशीं घेऊन ती जागीच बसली. मी म्हणालों, "त्या हमालाला सोडणार नाहीं मी."

ती म्हणाली, "तूं त्याला नेतांना पाहिलंस?"

"नाहीं."

"पंढरपुरांत सुद्धां कोणीं पाहिलं नव्हतं."

मला पुढें कांहीं सांगावें लागलें नाहीं. गंगाखेडांत जन्मलेल्या प्रत्येक मुलास ती कथा ठाऊक असते. जनी लहानपणींच गंगाखेड सोडून पंढरपुरास दामाशेटींच्या घरीं दासी राहिली. रात्रीं विठ्ठल तिच्या झोंपडींत दळूं लागे. एकदां काकडआरतीची वेळ झाली म्हणून देव घाईनें उठला. आपला शेला व पदक तेथेंच विसरला आणि जनीची वाकळ पांघरून राउळांत जाऊन उभा राहिला. सकाळीं पुजाऱ्यांनीं पाहिलें तों पदक नाहीं, आणि शोध घेतां तें निघालें दासीच्या घरीं. दासी, आणि तिच्या घरीं सोनें! याहून अधिक पुरावा कोणास हवा होता? जनीस सुळावर देण्यास चंद्रभागेच्या वाळवंटांत नेलें, आणि त्या सुळाचें पाणी झालें, अशी ती कथा आहे. वाळवंटांतल्या त्या गर्दींत मी कोणत्या बाजूस उभा राहिलों असतों, याचा विचार मीं पूर्वीं कधीं केला नव्हता. त्या रात्रीं केला.

पहाटे गोव्याचा किनारा जवळ आला तसा फोन जागा झाला. बहिणीचा निरोप रात्रींच येऊन अडकला होता. सोबत एक छायाचित्र: तिच्या घराच्या दाराआड, खुंटीखालीं, आमची निळी पिशवी.

मग सारा हिशेब उलगडला. निघतांना बहिणीनें समुद्रावरच्या वाऱ्यासाठीं आत्याला नवी शाल आणि दोन पांघरुणें वळकटी करून दिलीं होतीं. पिशवी दाराआड राहिली आणि वळकटी टॅक्सींत चढली. नग सातचे सातच राहिले. धक्क्यावर वारा सुटला म्हणून सौ.नें ती वळकटी हातगाडीवरून उतरवून जवळ घेतली. मी तेव्हां कागद दाखविण्यांत गुंतलों होतों. हमालाच्या गाडीवर राहिले तीन नग, आणि ते तिन्ही त्यानें जसेच्या तसे पोंचते केले. आत्या एवढेंच म्हणाली, "वाकळ गेली आणि शेला आला. पण चोर शोधायला आपण आधीं निघालों."

मी चौकशीच्या मेजापाशीं गेलों, तक्रार मागें घेतली, आणि चूक माझी होती हें किनाऱ्यावर कळवावें अशी विनंति केली. तक्रार देतांना लागला त्याच्या दुप्पट वेळ मला त्या चार पावलांस लागला.

पुढचे दोन दिवस सुखाचे गेले. गोव्याहून परततांना आत्या गच्चीवर त्या तमिळ मैत्रिणीशेजारीं बसून राही. किनारा दिसत नव्हता, तरी पूर्वेकडे तें कोंकणच होतें. आगबोटींचा काळ होता तेव्हां हर्णै, जयगड यांसारख्या बंदरांत बोट खोल पाण्यांत उभी राही आणि माणसें व सामान पडावांत उतरवून किनाऱ्यास नेत. हेलकाव्यांत ट्रंक पडावांत न पडतां समुद्रांत पडली, तर तिला कोण विचारणार? त्याच कोंकणांतल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तरेस गेले आणि बंडाच्या धामधुमींत लुटले गेले. मिळविलेलें द्रव्य गेलें. आईबापांसाठीं गंगेची कावड तेवढी त्यांनीं घरीं आणली. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं छापून निघाला. काय हरवलें यापेक्षां काय परत आणलें यावरून तो प्रवास लोकांच्या लक्षांत राहिला.

चौथ्या दिवशीं सकाळीं बॅलार्ड पिअरला उतरल्यावर मीं त्या हमालास शोधून काढलें. त्याला संध्याकाळीं दोनदां बोलावून बसवून ठेविलें होतें. त्यांत त्याची पुढची खेप बुडाली होती. मीं क्षमा मागितली. तो म्हणाला, "पिशवी मिळाली ना? मग झालं." बुडालेल्या खेपेची मजुरी मीं पुढें केली, ती त्यानें मोजून घेतली आणि तें योग्यच होतें. आत्यानें मात्र मला न विचारतां ती नवी शाल त्याच्या खांद्यावर घातली. तो संकोचला, इकडेतिकडे पाहूं लागला. पण शाल त्यानें काढली नाहीं.

वाचकांपैकीं पुष्कळांस असे प्रवास घडतील, म्हणून चार गोष्टी अनुभवानें सांगतों. औषधें, कागदपत्रें व एक जोड कपडे मोठ्या सामानांत न ठेवतां अंगाखांद्यावरच्या पिशवींत ठेवावे. औषधाच्या चिठ्ठीचें व प्रत्येक नगाचें छायाचित्र फोनमध्यें असावें. नांव व फोनचा क्रमांक पिशवीच्या बाहेर तसाच आंतही घालावा, कारण बाहेरची चिठ्ठी तुटते. आगगाडींत सामान आपल्याच ताब्यांत असेल, तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १०० व्या कलमान्वये रेल्वेची निष्काळजी किंवा गैरवर्तन सिद्ध झाल्यावांचून तिच्यावर जबाबदारी येत नाहीं; भरपाईची आशा धरण्यापेक्षां लक्ष ठेवणें बरें. गाडींत कांहीं राहिलें तर १३९ या क्रमांकावर लगेच कळवावें. बोटीवर सामान न आल्यास किनारा सुटण्यापूर्वींच सांगावें; मात्र काय मिळालें नाहीं एवढेंच सांगावें, कोणीं नेलें हें सांगूं नये.

आणि नग मोजूं नयेत. आंकडा जुळतो व वस्तु राहून जाते. आतां आमच्या घरीं प्रवासास निघतांना संख्या कोणी विचारीत नाहीं. एकेका पिशवीचें नांव घेतात आणि ती हातानें दाखवावी लागते. पहिलें नांव वाकळेचें असतें. तें आत्या स्वतः घेते.