दोन घड्याळे

परदेशी स्थायिक झालेल्या माणसाकडे मायदेशाहून कोणी आले, की तो काही दिवस यजमान कमी आणि वाटाड्याच अधिक होतो. एरवी ज्या पुलावरून तो मान खाली घालून कामावर जातो, त्या पुलाचा इतिहास त्याला अचानक आठवू लागतो. शहर दाखवता दाखवता तो आणखीही काही दाखवत असतो. आपण येथे आलो ते चुकले नाही, हे त्याला पाहुण्याच्या डोळ्यांत वाचायचे असते.

अकरा वर्षे लंडनमध्ये राहणाऱ्या सांगलीच्या एका गृहिणीकडे जूनमध्ये तिची बालमैत्रीण आली, तेव्हा असेच घडले. चार दिवसांचा कार्यक्रम वहीत तासातासाने आखलेला होता. त्यामागे केवळ हौस नव्हती. अडीच वर्षांपूर्वी जानेवारीत तिची आई सांगलीत वारली, तेव्हा उशाशी लेक नव्हती. हीच मैत्रीण होती. तिनेच आईच्या कानाशी णमोकार मंत्र म्हटला, तिनेच शेवटचे पाणी दिले. ते ऋण फिटावे म्हणून ही धडपड होती. पण ऋणाखाली एक सलही दडलेला होता. लंडनला फोन आला तो सारे संपल्यावर. तासभर आधी कळवले असते तर आईचा आवाज तरी ऐकता आला असता, हे तिने मैत्रिणीला कधी बोलून दाखवले नव्हते.

पहिले तीन दिवस पाहण्यात गेले. वेस्टमिन्स्टरला ‘बिग बेन’ हे मनोऱ्याचे नव्हे, आतील घंटेचे नाव आहे, हे सांगून झाले. टॉवर ऑफ लंडनमध्ये राजमुकुटातील कोहिनूर पाहून झाला. १७५९ पासून लोकांसाठी खुल्या असलेल्या ब्रिटिश म्युझियममध्ये पाय दुखेपर्यंत हिंडून झाले. मैत्रीण कौतुकाने सारे पाही; पण मध्येच विचारी, “तू भाजी कुठून आणतेस? आजारी पडलीस तर शेजारी कोण येते?” या प्रश्नांना वहीत जागा नव्हती.

मैत्रिणीचा सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम होता. लंडनला जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो, याचे तिला मोठे नवल वाटले. “इथे नेम पाळणे किती सोपे गं!” ती म्हणाली. “डिसेंबरात ये, म्हणजे कळेल,” यजमानीण हसून म्हणाली, “चारच्या आत अंधार पडतो. तेव्हा मी कामावर असते.” तिचा नेम कधीच सुटला होता. मैत्रिणीने त्यावर काही म्हटले नाही.

चौथ्या दिवशी दोघी नावेने ग्रीनिचला गेल्या. बरोबर दशम्या आणि बिनलसणाची शेंगाचटणी होती. टेकडी चढून त्या वेधशाळेच्या अंगणात आल्या. ही वेधशाळा १६७५ मध्ये स्थापन झाली आणि १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत येथील रेखावृत्त जगाचे मूळ रेखावृत्त म्हणून मान्य झाले. फरशीत बसवलेल्या धातूच्या पट्टीच्या अलीकडे-पलीकडे पाय ठेवून माणसे छायाचित्रे काढत होती. पंधरा अंशांना एक तास, आणि भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची, म्हणून साडेपाच तासांचे अंतर. उन्हाळ्यात इंग्लंडची घड्याळे तासभर पुढे करतात, म्हणून आता साडेचार, असे यजमानीण सांगत होती.

वेधशाळेच्या माथ्यावर एक लाल गोळा आहे. थेम्स नदीतील जहाजांना आपली घड्याळे लावता यावीत म्हणून १८३३ पासून तो रोज दुपारी एकला खाली पडतो. एकला पाच मिनिटे असताना तो अर्ध्यावर चढला, मग टोकाला गेला आणि ठोक्याला खाली आला.

“सांगलीत साडेपाच,” मैत्रीण चटकन म्हणाली. “काकूंची जेवायची वेळ.”

“तुला इतक्या पटकन कसे कळले?”

“काकूंच्या स्वयंपाकघरातले दुसरे घड्याळ आठवते?”

“ते नेहमी चुकीची वेळ दाखवायचे. मी किती वेळा म्हटले, आई, सेल तरी बदल.”

“ते चुकीचे नव्हते गं. ते तुझे घड्याळ होते. मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर काकू मला बोलावायच्या. मी स्टुलावर चढून काटा पुढे-मागे करायची. आता ती उठली असेल, आता कामाला निघाली असेल, असे त्यांचे दिवसभर चाले.”

यजमानीण बाकावर बसली. खाली हिरवळीपलीकडे नदी आणि उंच इमारती दिसत होत्या. त्यांची नावे तिने सांगितली नाहीत.

थोड्या वेळाने मैत्रीण स्वतःच बोलू लागली. “त्या रात्री तीनच्या सुमारास त्यांनी विचारले, तिकडे किती वाजले? मी घड्याळ पाहून म्हटले, साडेनऊ. मी फोन हातात घेतला होता. त्या म्हणाल्या, उद्या तिला कामाला जायचे आहे, झोपमोड नको. सकाळी बोलू. मी ऐकले. चारला त्या गेल्या. मी ऐकायला नको होते. तीन दिवस सांगीन म्हणते, पण तू मला उसंतच दिली नाहीस.”

“मी जागी होते,” यजमानीण म्हणाली. त्यानंतर दोघी बराच वेळ बोलल्या नाहीत. सल एका क्षणात जात नाही. पण तो कोणी एकीने लावलेला नव्हता, तो आईच्या मायेतूनच आला होता, एवढे तिला उमगले. मग तिने दशम्यांचा डबा उघडला आणि पहिला घास मैत्रिणीच्या हातावर ठेवला.

वहीतील पुढची ठिकाणे तशीच राहिली. दुपारी दोघी ती जिथे भाजी घेते त्या बाजारात गेल्या, आणि जी शेजारीण आजारपणात सूप आणून देते तिच्याकडे बसल्या. संध्याकाळी, उन्हे असतानाच, दोघींनी एका ताटात जेवण केले. मैत्रीण म्हणाली, “आज तुझे गाव पाहिले.”

काकूंचे ते घड्याळ आता मैत्रिणीच्या घरी आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लंडनहून तिला फोन आला. “काटा मागे घेतलास ना गं?”

“सकाळीच घेतला,” ती म्हणाली.