दोन अक्षरांची क्षिती

प्रोग्रॅमिंगची भाषा बदलताना नव्या भाषेचे व्याकरण लवकर उमगते. अवजारांची निवड मात्र रेंगाळते. वृत्तांच्या अभ्यासासाठी ओळीतील अक्षरे मोजणारा एक छोटा प्रोग्रॅम मी जावामध्ये लिहिला होता. तो पायथॉनमध्ये नेताना या निवडीचा अर्थ मला कळू लागला.

जावामध्ये प्रत्येक चलाचा प्रकार आधीच ठरलेला असतो. त्यामुळे कंपायलर बऱ्याच चुका पकडतो आणि इक्लिप्ससारखे साधन एखादे नाव सगळीकडे एकदम बदलू शकते. पायथॉनमध्ये अशी सक्ती नाही. तिथे एडिटर साधा चालतो; पण कंपायलर जो भार उचलत होता, तो युनिट टेस्टला, म्हणजे एकेका घटकाच्या चाचणीला, उचलावा लागतो.

चाचणीसाठी दोन साधने समोर होती. पायथॉनसोबत येणाऱ्या ‘युनिटटेस्ट’चा वंश सांगता येतो. केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी ‘एसयुनिट’ रचले. त्यावरून १९९७ मध्ये त्यांनी व एरिक गामा यांनी जावासाठी ‘जेयुनिट’ घडवले. त्याचा पायथॉनी अवतार २००१ पासून पायथॉनसोबत येऊ लागला. म्हणूनच त्यातील ‘सेटअप’, ‘असर्टइक्वल’ ही नावे जावाच्या वळणाची आहेत. भाषांतरात मूळ भाषेचा हेल राहावा, तसे हे. ‘पायटेस्ट’ वेगळे घ्यावे लागते, पण त्यात भाषेतलाच ‘असर्ट’ हा शब्द पुरतो. मी ते घेतले.

माझी पहिली चाचणी एवढीच होती: ‘क्षिती’ या शब्दात दोन अक्षरे आहेत. युनिकोडमध्ये मात्र क, हलन्त, ष, इकार, त, ईकार असे सहा संकेत होतात. जावा आणि पायथॉन दोन्ही या शब्दाची लांबी सहा सांगतात. पुढे गो भाषेकडे वळलो, तर ती बाइट मोजून अठरा म्हणाली. गोमध्ये चाचणीची सोय अंगभूतच आहे. ‘असर्ट’ नाही, त्यामुळे अपेक्षा काय होती आणि हाती काय आले, हे आपल्याच वाक्यात लिहावे लागते. तीन भाषांत ‘दोन’ म्हणत राहिली ती केवळ चाचणी.

प्रोग्रॅमिंग न जाणणाऱ्या छंदःशास्त्राच्या अभ्यासकालाही चाचणी वाचता यावी, अशी कसोटी मी तेव्हापासून साधनांना लावतो. ‘अर्थात्’मधला शेवटचा त् अक्षर म्हणून मोजावा की नाही, याचा निर्णय कंपायलर देऊ शकत नाही. तो अधिकार त्या अभ्यासकाचा आहे, आणि त्याचे ‘नाही’ ऐकू येईल अशी जागा प्रोग्रॅममध्ये एकच असते.