नेऱ्याच्या वाटेवर वज्राची गोष्ट

परमवीर चक्रावर शिवाजी महाराजांची भवानी तलवार कोरली आहे, हे वाक्य इतक्यांदा छापून आलंय की ते तपासायला एखादा गड समोर असलेला बरा. पनवेलहून नेऱ्याकडे निघालं की तो मिळतो. फार्महाऊसच्या नि प्लॉटविक्रीच्या पाट्यांनी डोंगर झाकायचा विडाच उचललाय, पण गाढी नदीच्या या मुलखात प्रबळगड काही लपत नाही. प्रबळचं जुनं नाव मुरंजन. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांत तोही होता. महाराजांचं मोठेपण नुसत्या तलवारीत शोधणाऱ्यांनी हा गड थोडा वेळ पाहावा; वेळ आली तेव्हा तो त्यांनी देऊनही टाकला.

परमवीर चक्राचं पदक रेखाटलं सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्म १९१३ चा, स्वित्झर्लंडमधल्या नशाटेलचा. माहेरचं नाव ईव्ह इव्हॉन मादाय द मारोश, वडील हंगेरियन, आई रशियन. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी १९३२ मध्ये लग्न केलं, मराठी-संस्कृत शिकल्या, महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तक लिहिलं. स्वातंत्र्यानंतर मेजर जनरल हिरालाल अटल यांनी शौर्यपदकांचं काम त्यांच्यावर सोपवलं. मराठ्यांच्या घरची सून म्हणजे तलवार आलीच, हा तर्क ऐकायला गोड आहे. पण पदकाचं अधिकृत वर्णन वेगळंच सांगतं. १⅜ इंच व्यासाचं, जुन्या कलदार रुपयाहून जरासं मोठं कांस्याचं वर्तुळ. मधोमध राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं. मागे दोन कमळं. वर साधी जांभळी फीत. तलवारीचा उल्लेखही नाही.

वज्र तरी शस्त्रच ना, असं कुणी म्हणेल. खरंय, वृत्राला मारलं ते त्यानंच. पण ते घडलं दधीची ऋषींच्या हाडांतून, आणि ती त्यांनी आपणहून दिली होती. तलवार मारणाऱ्याची आठवण देते, वज्र देणाऱ्याची. पहिले मानकरी पाहिले की निवड किती नेमकी होती ते कळतं. मेजर सोमनाथ शर्मा, सावित्रीबाईंच्या थोरल्या लेकीचे दीर, ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला पडले. डावा हात प्लास्टरमध्ये असताना ते मशीनगनवाल्यांना काडतुसं भरून देत होते. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे तर सॅपर. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढत नि आडवी पाडलेली झाडं हटवत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली.

नेऱ्यातच शांतिवन आहे, कुष्ठरोगातून उठलेल्यांना पुन्हा उभं करणारं. त्याच्या फाटकापाशी प्रबळची आठवण मागे पडते. दधीचींची मात्र पडत नाही.