तोरण्याखालची चाळीस रोपं

पुण्याहून सातारा रस्त्याने निघालात, की कात्रजचा घाट आणि खेड शिवापूर मागे पडतं आणि नसरापूरचा चेलाडी फाटा लागतो. तिथून आत वळलं की मार्गासनीवरून गाडी वेल्ह्याला जाते. (तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालंय, गाव मात्र वेल्हेच!) समोर 1403 मीटर उंचीचा तोरणा. पण पावसाळ्यात तो दिसेल तर शपथ! आठ-आठ दिवस ढगात बुडालेला असतो.

याच तोरण्याखालच्या एका वाडीत माझ्या आजोबांचं घर आहे. ते गेल्यापासून कुलूपबंद. मागच्या परसात एके काळी भाजी व्हायची, आता घाणेरीचं रान माजलेलं. ‘जागा विकून टाकू,’ असं घरातली मोठी माणसं म्हणू लागली होती. गेल्या जुलैत माझी भाची आणि भाचा हट्टालाच पेटले. “मामा, विकायच्या आधी एकदा तिथे वांगी लावू या ना!”

रोपं मिळाली भोरला, आमच्या आत्याकडे. भोरजवळ इंग्रजांच्या काळातलं भाटघरचं मोठं धरण आहे. पाऊस पडतो इकडच्या डोंगरांत, पण नीरेच्या कालव्यांतून पाणी जातं थेट बारामतीकडच्या कोरड्या रानांना. आहे की नाही गंमत? आत्याने चाळीस रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून दिली.

दोन दिवस आम्ही घाणेरी उपटत होतो. हात ओरबाडून निघाले. टाकळा मात्र काढला तो फेकला नाही, कोवळ्या पाल्याची भाजी केली. मग प्रश्न आला, रोपं लावायची कशी? शेजारच्या खाचरात भाताची लावणी चालली होती. उन्हाळ्यात राब भाजलेल्या जागेत पेरलेलं भात तीन-चार आठवड्यांचं झालं, की रोपं उपटून मुठी बांधतात आणि चिखलात ओळीने रोवतात. डोक्यावर इरली, पाय पोटरीपर्यंत चिखलात. आम्ही ते बघितलं आणि तसंच केलं! परसातल्या सखल जागेत चिखल केला, चाळीस रोपं रोवली आणि ऐटीत पुण्याला परतलो.

पुढच्या रविवारी जाऊन बघतो तर काय, परसात तळं! रोपं पिवळी पडून माना टाकलेली. भाचीच्या डोळ्यांत पाणीच आलं. कुंपणापलीकडून शेजारच्या काकू म्हणाल्या, “आरं पोरांनो, ह्ये काय भात हाय व्हय? वांग्याला बुडवून मारलंत की!”

असं का झालं, सांगू? भाताच्या रोपात आतून हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यांतून हवा पार मुळांपर्यंत पोचते, म्हणून भात पाण्यात उभा राहू शकतो. वांग्याची मुळं हवा घेतात ती मातीच्या कणांमधल्या फटींतून. त्या फटी पाण्याने भरल्या, की मुळं गुदमरतात आणि कुजतात. चूक रोपांची नव्हती, आमची होती.

काकूंनी स्वतःची उरलेली सव्वीस रोपं दिली. त्याआधी आमच्याकडून उताराच्या दिशेने एक चर खणून घेतला. पाणी भसाभसा निघून गेलं. चार दिवस उघाड पडल्यावर वीतभर उंच वरंबे केले, शेणखत मिसळलं. काकू सकाळी रोपं उपटूच देईनात. “ऊन कलू द्या,” म्हणाल्या. संध्याकाळी मुळं न तुटता, मातीसकट एकेक रोप निघालं. दोन रोपांत दोन फूट अंतर. भाचा म्हणाला, “एवढी जागा वाया!” काकू नुसत्या हसल्या.

गणपतीत गेलो तेव्हा सव्वीसपैकी एकोणीस रोपं तग धरून होती. त्यांतल्या एकावर जांभळं फूल! फूट-फूट वाढलेल्या फांद्यांनी ती ‘वाया गेलेली’ जागा भरून काढली होती.

दिवाळीत आम्ही सगळेच वाडीला गेलो. पाटीभर वांगी निघाली, त्यातली निम्मी काकूंकडे दिली. उरलेल्यांचं भरलं वांगं आजोबांच्याच चुलीवर शिजलं. चुलीचा धूर सगळ्यांच्या डोळ्यांत गेला. जागा विकायचा विषय मात्र त्या दिवशी कुणी काढला नाही. भाची तर जेवता जेवताच काकूंना विचारत होती, “आता इथे मिरची येईल का हो?”