कणकुंबीचा थांबा

खानापूरहून जांबोटीमार्गे गोव्याकडे निघालेला प्रवासी कणकुंबीस पोहोचला, की पठार सरत आल्याचे त्याच्या ध्यानात येते. मलप्रभा नदी येथेच उगम पावून पूर्वेची वाट धरते. थोडे पुढे गेले, की ओहोळांचे पाणी पश्चिमेस म्हादईकडे धावू लागते. त्यापुढे चोर्ल्याचा घाट, घाटाखाली केरी, आणि मग सत्तरीच्या पोफळीच्या बागा.

सन 2018 च्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही तिघे याच वाटेने निघालो होतो. ट्रकमध्ये खानापूरची कौले होती. सत्तरीतील एका विधवा भगिनीचे छप्पर वादळाने उडाले होते. पाऊस लागण्यापूर्वी ही कौले तिच्या घरावर चढणे अगत्याचे होते. आमचा ट्रक म्हणजे लष्कराने लिलावात काढलेला एक जुना शक्तिमान. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने या जातीची गाडी 1959 पासून जबलपुरात बांधली जाऊ लागली, आणि पुढे कित्येक वर्षे तिने सैन्याची ओझी डोंगरोडोंगरी वाहिली. नव्या मालकाने आमच्या गाडीला अंगभर ताजा रंग चढविला होता. त्या रंगाची कथा पुढे येईलच.

कणकुंबीस चहासाठी थांबून इंजिन बंद केले. परत निघताना बटण दाबले, तो स्टार्टरने थकलेल्या रेड्याप्रमाणे कण्हत अर्धा फेरा घेतला आणि तो थांबला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. पश्चिमेकडे ढग जमू लागले होते.

“बॅटरी बसली,” आमचा तरुण चालक म्हणाला. “पुढे उतार आहे. ढकलून गियरात टाकू, होईल चालू. गेला महिनाभर मी असाच चालू करतो.”

हॉटेलातील चार माणसे ढकलावयास उठलीही. परंतु आमच्यासमवेत लष्कराच्या वाहन-दुरुस्ती विभागातून निवृत्त झालेले एक हवालदारकाका होते. त्यांनी हात आडवा केला. “अरे पोरा, या गाडीच्या ब्रेकला हवेच्या दाबाची मदत लागते. इंजिन बंद असताना टाकीत नवी हवा भरत नाही. प्रत्येक वेळी पाय दाबलास की आहे ती कमी होते. मागे टनावारी कौले, पुढे घाट. इंजिन लागलेच नाही, तर गाडी कशाने थांबवशील?”

चालक निरुत्तर झाला. चाकांखाली दगड लावले, हातब्रेक ओढला, गियर मोकळा केला. काकांनी पिशवीतून व्होल्ट मोजण्याचा मीटर काढला.

प्रथम त्यांनी दिवे लावावयास सांगितले. दिवे लखलखीत लागले. गाडीस बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडलेल्या होत्या. दोन्ही मिळून 25.2 व्होल्ट भरले, म्हणजे भरणा पुरेसा होता. मग इंधन बंद ठेवून चालकास बटण दाबावयास लावले. त्या भाराखालीही बॅटऱ्या 22.6 वर टिकल्या. प्रत्येक बॅटरी 9.6 च्या खाली घसरली असती, तर संशय तिच्यावर घेता आला असता. स्टार्टरपाशी मात्र 14.2 व्होल्टच पोहोचत होते.

“मधले आठ-साडेआठ व्होल्ट कोणी खाल्ले, ते शोधायचे,” काका म्हणाले. बॅटरीच्या धन टोकापासून स्टार्टरपर्यंतच्या जाड तारेत केवळ 0.4 गेले होते. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडास लावले. बटण दाबताच काटा 8 वर गेला. चोर सापडला!

चासी व इंजिन यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी पाहिली, तो तिचा सांधा हातास चटका देत होता. रंगविणाऱ्याने पट्टी सोडवून तिच्या खालच्या लोखंडावरही रंग फासला होता. भरीस गंज, आणि खाचखळग्यांनी ढिली झालेली चाकी. दिव्यांना थोडकीच वीज लागते, आणि त्यांची वाट चासीवरूनच परतते. म्हणून ते फसवीत होते. स्टार्टरला शेकडो अँपिअर लागतात. तीनशे अँपिअरच्या वाटेत ओहमचा एक शतांश अडथळा आला, तरी तीन व्होल्ट गळतात.

काकांनी बॅटरीची ऋण तार आधी सोडविली, हातातील कडे उतरविले, आणि विडी पेटविणाऱ्या एकास दूर बसविले. कारण बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. कानशीने लोखंड चकचकीत होईतो घासले, पट्टीचे टोक स्वच्छ केले, चाकी घट्ट आवळली, वरून व्हॅसलीन चोपडले, आणि ऋण तार सर्वांत शेवटी जोडली. पुन्हा मोजले तेव्हा त्या वाटेत अर्ध्या व्होल्टाहूनही कमी गळत होते. इंधन सोडून बटण दाबताच इंजिन गर्जले.

हवेचा दाब पुरता भरेपर्यंत काकांनी गाडी हलू दिली नाही. मग खालच्या गियरात आम्ही घाट उतरलो. एका वळणावर अंजुणे धरणाचे पाणी मावळतीत चमकताना दिसले. पण चालकाची दृष्टी रस्त्यावरून ढळली नाही. केरी ओलांडल्यावर तो हळूच म्हणाला, “काका, महिनाभर उतारानेच मला फसविले.”

“उताराने नव्हे रे,” काका म्हणाले, “गाडी पहिल्याच दिवशी सांगत होती, तू विचारले नाहीस.”

तिसऱ्या दिवशी कौले चढली. त्याच रात्री पाऊस आला. वाचकहो, चोर्ल्याच्या वाटेने जाताना कणकुंबीस अवश्य थांबा. तेथला चहा उत्तम आहे. मात्र गाडी उतारावर उभी करण्याची सवय लागली असेल, तर ती का लागली, हे एकदा सपाटीवर तपासून मगच घाटास लागा.