एट माइल रोडच्या उत्तरेला

सत्तरच्या दशकात आमच्या घरातली पिढी एकापाठोपाठ एक डेट्रॉइटला आली. आधी दादा, म्हणजे माझे थोरले दीर, आणि वहिनी. मग आम्ही दोघं, शेवटी नणंद. घरं सगळ्यांनी एट माइल रोडच्या उत्तरेला घेतली, शहराच्या हद्दीबाहेर, कारण तिकडच्या शाळा चांगल्या. शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमायचं, मसालेभात व्हायचा आणि मग वाद. किती रंगायचे ते वाद!

दादांचं म्हणणं ठरलेलं. “आपण खिशात आठ डॉलर घेऊन आलो आणि उभे राहिलो. काळ्यांना कोण अडवतंय? एक अडवणारा दाखवा.”

वहिनी म्हणायच्या, “माणूस शोधू नका. नियम कुणाला आत घेतो नि कुणाला बाहेर ठेवतो, ते बघा.”

एका रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना एट माइलच्या दक्षिणेला नेऊन एक भिंत दाखवली. सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. 1941 मध्ये एका बिल्डरला गोऱ्यांसाठी वसाहत उभारायची होती. शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती, म्हणून सरकारची गृहनिर्माण संस्था कर्जाला हमी देईना. त्यानं मध्ये भिंत घातली आणि हमी मिळाली. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तर सरकारी नकाशांवर कर्जासाठी धोक्याच्या म्हणून आधीच लाल रंगवलेल्या होत्या. त्या बिल्डरच्या मनात द्वेष असेल किंवा नसेलही; भिंत उभी राहायला त्याची गरजच पडली नाही. व्यवस्थेतला वंशभेद ओळखायची याहून चांगली खूण मला आजवर सापडलेली नाही.

आमच्या आठ डॉलरचंही उत्तर वहिनींकडे होतं. 1965 च्या कायद्यानं इंजिनिअर, डॉक्टर निवडून आत घेतले. आपण चाळणीतून आलेलो, आपली तुलना कुणाशी करायची?

दादांचा मुद्दाही पोकळ नव्हता. घरविक्रीतला भेदभाव 1968 मध्येच बेकायदा ठरला होता आणि मोटारीचे कारखाने बंद पडले तेव्हा गोरेही रस्त्यावर आले. प्रत्येक दुःखाला वंशभेद म्हणू नये, हे मलाही पटतं. पण नुसत्या कायद्यानं सगळं बदलतं, हे वहिनींना पटायचं नाही. त्या महाडच्या. नगरपालिकेनं चवदार तळं 1924 मध्ये ठराव करून अस्पृश्यांसाठी खुलं केलं, तरी 1927 मध्ये बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, हे ऐकत त्या वाढलेल्या. शिवाय आमच्या मुलांची कॉलेजं घराच्या वाढलेल्या किमतीवर कर्ज काढून झाली. भिंतीपलीकडच्यांना 1941 मध्ये कर्जच नाकारलेलं. त्यांच्या नातवंडांनी कशावर काढायचं?

शाळांच्या मुद्द्यावर मात्र दादा हळूहळू वळले. डेट्रॉइट आणि उपनगरांतल्या मुलांना एकत्र शिकवायची योजना सुप्रीम कोर्टानं 1974 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली होती आणि शाळांचा पैसा यायचा मुख्यतः स्थानिक घरपट्टीतून. जिथं घरं स्वस्त, तिथं शाळा गरीब. हे गणित दादांसारख्या इंजिनिअरला नाकारता येईना. 1994 मध्ये मिशिगनमध्ये शाळांचा बराचसा भार घरपट्टीवरून विक्रीकरावर नेण्यासाठी मतदान झालं, तेव्हा दादांनी बाजूनं मत दिलं. ‘वंशभेद’ हा शब्द त्यांनी तेव्हाही मान्य केला नाही, आणि वहिनींनी वाद सोडला नाही.