छपरावर सोलर, घरात काळोख

मेच्या शेवटी पुण्याचं एक निवृत्त जोडपं मोटरहोम घेऊन गणेशगुळ्याला आलं होतं. परतताना दोन रात्री आमच्या खळ्यात थांबले. काकांनी गाडी भर उन्हात लावली. म्हटलं, "काका, आंब्याखाली घ्या की."

"सावलीत मी गार राहीन हो, पण बॅटरी उपाशी!"

गाडीच्या टपावर ३४० वॅटची दोन पॅनेलं, आत १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी. म्हणजे साधारण अडीच युनिट वीज. त्यावर छोटा फ्रिज, पंखा, दिवे, मोबाईल. एसी नाही. पॅनेलच्या कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी वीज बरीच घटते, म्हणून आंबा नको. पॅनेलं टपाला भोक न पाडता चिकटवलेली. हे मला पटलं, कारण आपल्याकडचा पाऊस भोक शोधतोच.

मनात मी जरा हसलो होतो. आमच्या घरावर पीएम सूर्यघरमधलं ३ किलोवॅटचं सोलर आहे, ७८ हजार अनुदानासकट.

दुसऱ्या संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेली. आईला दमा. रात्री दहाला धाप वाढली, नेब्युलायझर लावायचा तर घरात वीज नाही. काकांनी न बोलता गाडीच्या इन्व्हर्टरवरून खिडकीतून वायर आत दिली. मशीन चालू झालं.

सकाळी लखलखीत ऊन पडलं. लाइट दुपारपर्यंत आली नाही आणि आमची ३ किलोवॅटची पॅनेलं तोपर्यंत नुसती तापत राहिली.

कारण साधं आहे. आपल्याकडे बहुतेक घरांवर बसतं ते ऑनग्रिड सोलर. महावितरणची लाइन बंद पडली की त्याचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या घरातून गेलेल्या विजेचा शॉक बसेल. लाइट गेल्यावरही घर चालवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. बॅटरीला वेगळं अनुदान नाही. बसवणाऱ्याने हे सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. आणि मी तर या योजनेच्या बातम्या लिहिल्यात! मथळ्यात अनुदानाचा आकडा आणि "वीजबिल शून्य". लाइट गेल्यावर काय, ही ओळ एकाही बातमीत नाही.

आयआयटी मुंबईचे प्रा. चेतनसिंह सोलंकी नोव्हेंबर २०२० मध्ये सोलर बसमध्ये राहून देशभर फिरायला निघाले. तेव्हा मला तो प्रचाराचा भाग वाटला होता. आता वाटतं, आधी गरज मोजायची आणि मग तेवढी वीज साठवायची, हे आपल्या किनारपट्टीच्याच कामाचं आहे. १६ मे २०२१ चं तौक्ते आठवा. तेव्हा बिल शून्य असून काय उपयोग होता?

अख्खं घर बॅटरीवर चालवा असं म्हणत नाही, परवडणारही नाही. पावसाळ्यात सलग ढग असले की काकांच्या गाडीचीही पंचाईत होते, हे त्यांनीच सांगितलं. पण दोन दिवे, एक पंखा, आईचं मशीन, एवढं भागलं तरी पुष्कळ. आरोग्य केंद्रातला लशींचा फ्रिज तर पहिला. सरकारी इमारतीवर सोलर बसवताना कागदावर बॅटरी आहे का, हे येत्या ग्रामसभेत विचारणार आहे.

माझं हायब्रिडचं कोटेशन मागवलंय. पावस, गोळप, पूर्णगड भागात कुणाकडे बॅटरीवालं सोलर असेल तर जुलैमध्ये ते कितपत चालतं, जरूर कळवा.